व्यक्तिचित्रांतील उपनेत्रांचा लोप : साधनचिकित्सेचा एक नवा प्रश्न

१. विषयप्रवेश

जुनीं व्यक्तिचित्रें व छायाचित्रें हीं इतिहासाचीं साधनें आहेत, हें आतां नव्यानें सिद्ध करण्याचें कारण उरलेलें नाहीं. पत्र, महजर, ताम्रपट व बखर यांच्या पंक्तीस चित्र येऊन बसलें, त्यास बराच काळ लोटला. परंतु पत्राची चिकित्सा जितक्या काटेकोरपणें होते तितकी चित्राची होत नाहीं. कागद, शाई, अक्षराचें वळण, मायना, शिक्का व मोर्तब हीं सारीं तपासून मग आपण पत्रावर भरंवसा ठेवतों; चित्र मात्र डोळ्यांस पटलें कीं खरें मानतों. ही ढिलाई आजवर फारशी बाधली नाहीं. आतां ती बाधूं लागली आहे, म्हणून हा लेख.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्यानें छायाचित्रांत फेरफार करण्याची सोय आज कोणाच्याही हातांतल्या भ्रमणध्वनीवर झालेली आहे. त्या फेरफारांपैकीं अत्यंत लोकप्रिय व वरकरणी अत्यंत निरुपद्रवी असा एक प्रकार म्हणजे चेहऱ्यावरील चष्मा काढून टाकणें. जिवंत माणसांनीं स्वतःच्या चित्राचें काय करावें हा आमचा विषय नव्हे. कोणास कांचेवरील चकाकी नको असते, कोणास चष्म्याविना आपण कसे दिसतों याचें कुतूहल असतें. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानें १ नोव्हेंबर २०१६ पासून पारपत्राच्या छायाचित्रांत चष्मा वर्ज्य केला. असे नियमही या हौसेस निमित्त होतात. परंतु हीच सोय आतां पणजोबांच्या तसबिरींवर, स्मारकग्रंथांतील चित्रांवर व संग्राहकांच्या पेट्यांतील जुन्या ठशांवर चालूं लागली आहे. तेथें ती आमच्या क्षेत्रांत येते. चष्मा काढल्यानें चित्रांतून नेमकें काय जातें, आणि त्या रिकाम्या जागीं काय येऊन बसतें, या दोन प्रश्नांचा विचार येथें करावयाचा आहे.

२. वस्तु व तिचीं नांवें

प्रथम नांवें पाहूं. 'चष्मा' हा शब्द फारसी 'चश्म' म्हणजे डोळा यापासून आलेला. 'ऐनक' हा डोळा याच अर्थाच्या अरबी 'ऐन' शब्दाशीं जोडला जातो. 'चाळिशी' हें नांव मात्र मराठीनें आपल्या अनुभवांतून घडविलें : चाळिसाव्या वर्षाच्या सुमारास जवळचें अक्षर अंधुक होऊं लागतें व जी वस्तु लावावी लागते ती चाळिशी. वय हेंच वस्तूचें नांव झालें. 'उपनेत्र' ही संस्कृत घडण उपवेद, उपपुराण या शब्दांच्या धर्तीची असून, नेत्राच्या जवळ बसून त्याचें काम पुरें करणारें तें उपनेत्र असा तिचा अर्थ सरळ आहे.

उपनेत्रें युरोपांत, इटलींत, तेराव्या शतकाच्या अखेरीस निघालीं. जोर्दानो द रिव्हाल्तो नांवाच्या डोमिनिकन साधूनें १३०६ सालीं फ्लोरेन्स येथें दिलेल्या प्रवचनांत, ही कला निघून अद्याप वीस वर्षेंही झालीं नाहींत असें सांगितलें आहे. त्यावरून १२८६ च्या आगेमागें हा शोध लागला असें मानतात. आपल्याकडील उपनेत्रांच्या इतिहासाचा विचार भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनीं केला व १५०० ते १८०० या तीन शतकांतील उल्लेख एकत्र आणले. त्यांपैकीं सर्वांत लक्षांत राहणारा उल्लेख विजयनगरचा आहे. माध्व संप्रदायाचे व्यासराय हे इ. स. १५३९ मध्यें समाधिस्थ झाले. त्यांचें चरित्र सोमनाथ कवीनें 'व्यासयोगिचरित' या चंपूंत लिहिलें असून तें वेंकोबा राव यांनीं १९२६ सालीं बंगळूर येथें छापून प्रसिद्ध केलें. ग्रंथ वाचीत असलेल्या व्यासरायांच्या वर्णनांत 'उपलोचन' या शब्दानें ज्या वस्तूचा निर्देश येतो ती उपनेत्रेंच होत, असें गोडे यांनीं दाखविलें. पोर्तुगीजांनीं गोवें १५१० सालीं घेतलें व विजयनगरशीं त्यांचें दळणवळण होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ही वस्तु त्या मार्गानें आली असावी हें अनुमान सयुक्तिक ठरतें.

येथें एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. हा सर्व शोध एका शब्दावर उभा आहे. एखाद्या नकलकारानें तो अपरिचित शब्द 'अनावश्यक' समजून गाळला असता, किंवा त्या जागीं 'लोचन' एवढाच ओळखीचा शब्द घातला असता, तर श्लोकाचा अर्थ बिघडला नसता, वाचकास कांहीं खटकलें नसतें, आणि दक्षिणेंतील उपनेत्रांचा एक अत्यंत जुना पुरावा नाहींसा झाला असता. चित्रांतील चष्म्याची गोष्ट अशीच आहे.

३. चित्रांत घातलेलीं उपनेत्रें

उपनेत्रांच्या बाबतींत चित्रकारांनीं पूर्वींही सत्याशीं खेळ केला आहे. इटलींत त्रेव्हीझो येथील सान निकोलो मठाच्या सभागृहांत तोमाझो दा मोदेना यानें १३५२ सालीं डोमिनिकन पंथांतील विद्वानांचीं भित्तिचित्रें काढलीं. उपनेत्रें घातलेल्या मनुष्याचें जें सर्वांत जुनें चित्र म्हणून दाखवितात तें येथें आहे : सें-शेर येथील ह्यू नांवाचा कार्डिनल नाकावर चष्मा ठेवून लिहीत बसलेला. आतां हा कार्डिनल १२६३ सालीं वारला, म्हणजे चष्म्याचा शोध लागण्यापूर्वीं सुमारें वीस वर्षें. चित्रकारानें आपल्या काळची वस्तु गतकालीन विद्वानास बहाल केली. पंधराव्या शतकांत गिर्लांदायो यानें फ्लोरेन्सच्या ओन्यिस्सान्ती देवळांत १४८० सालीं काढलेल्या संत जेरोमच्या चित्रांतही मेजास चष्मा टांगलेला आहे, जेरोम इ. स. ४२० मध्यें वारला होता.

हीं चित्रें खोटीं म्हणून फेकून द्यावयाचीं काय? मुळींच नाहीं. ह्यूविषयीं तीं कांहीं सांगत नाहींत, पण १३५२ सालच्या त्रेव्हीझोविषयीं पुष्कळ सांगतात. त्या काळीं चष्मा हें विद्वत्तेचें चिन्ह झालें होतें, त्याचा आकार असा होता, तो नाकावर असा बसे, हें सर्व त्यांतून कळतें. चित्र केव्हां व कोणी काढलें हें ठाऊक आहे म्हणूनच त्यांतील कालविपर्यासाचाही आपल्यास उपयोग होतो. कर्ता व काल ठाऊक असलेलें असत्य हेंही साधन होऊं शकतें. कर्ता व काल लपविलेलें असत्य कशाचेंच साधन होत नाहीं.

या बाबतींत इराणांतील एका चित्राचें उदाहरण आदर्श वाटतें. इस्फहानचा प्रसिद्ध चित्रकार रिझा अब्बासी याचें चित्र त्याचा शिष्य मुईन मुसव्विर यानें काढलें. तें आज प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयांत आहे. म्हातारा गुरु चष्मा लावून चित्र काढीत बसला आहे. हें चित्र १६३५ सालीं आरंभिलें व १६७३ सालीं पुरें केलें, असें चित्रावरील लेखांतच नमूद आहे. गुरु तर १६३५ सालींच वारला होता. म्हणजे चित्राचा कांहीं भाग प्रत्यक्ष पाहून झालेला व कांहीं अडतीस वर्षांनंतर स्मरणानें पुरा केलेला, हें पाहणाऱ्यास चित्रच सांगतें. पोथीच्या शेवटीं लेखनकाल द्यावा तशी ही रीत आहे.

४. चित्रांतून वगळलेलीं उपनेत्रें

घालण्यापेक्षां वगळण्याची उदाहरणें अधिक असावींत. परंतु वगळलेली वस्तु दिसत नसल्यामुळें तीं इतर पुराव्यावरूनच कळतात. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या अखेरीस सैन्याचा पगार थकला होता व अधिकाऱ्यांत असंतोष माजला होता. १५ मार्च १७८३ रोजीं न्यूबर्ग येथें सेनापति जॉर्ज वॉशिंग्टन यांनीं अधिकाऱ्यांपुढें भाषण केलें. त्यानंतर एक पत्र वाचून दाखवितांना त्यांस अक्षर लागेना, तेव्हां त्यांनीं खिशांतून चष्मा काढला व सैन्याच्या सेवेंत केंस पिकले, आतां डोळेही जात चालले, अशा आशयाचे चार शब्द बोलले. अधिकाऱ्यांपैकीं फारच थोड्यांनीं तोंवर त्यांस चष्मा लावलेला पाहिलें होतें. कित्येकांच्या डोळ्यांस पाणी आलें आणि बंडाची हवा तेथेंच विरली. एका राष्ट्राच्या इतिहासांतील हा कसोटीचा क्षण चष्म्यामुळें निभावला; परंतु गिल्बर्ट स्टुअर्ट यानें काढलेलीं वॉशिंग्टनचीं सुप्रसिद्ध चित्रें पाहून त्यांस चष्मा होता अशी शंकाही येत नाहीं.

पुण्यांतलें उदाहरण घ्यावयाचें तर जेम्स वेल्स यानें १७९२ च्या सुमारास सवाई माधवराव व नाना फडणवीस यांचें एकत्र चित्र काढलें. १७४२ सालीं जन्मलेले नाना तेव्हां पन्नाशींत होते. चित्रांत चष्मा नाहीं. यावरून नानांस चाळिशी होती किंवा नव्हती यांपैकीं एकही विधान करतां येत नाहीं. दरबारी चित्रांत काय दाखवावें याचे संकेत असतात, आणि त्या संकेतांत बसत नाहीं तें चित्रकार सोडतो. अभावावरून निष्कर्ष काढूं नये, हा साधनचिकित्सेचा नियम चित्रासही लागू आहे.

राजकीय हेतूनें वगळण्याचें ठळक उदाहरण जर्मनींतील आहे. हिटलर यास वाचावयास चष्मा लागे. परंतु दुर्बलतेची खूण जनतेपुढें जाऊं नये म्हणून चष्म्यासह घेतलेलीं छायाचित्रें प्रसिद्ध होऊं दिलीं जात नसत, व भाषणांचे मसुदे मोठ्या ठशाच्या टंकयंत्रावर तयार करीत. येथें छायाचित्रांत फेरफार केला नव्हता, फक्त निवड केली होती. म्हणूनच न छापलेलीं चित्रें पुढें उजेडांत येऊं शकलीं. वगळणें व पुसणें यांतील हा भेद फार महत्त्वाचा आहे.

५. चष्मा काय सांगतो

चष्मा ही चेहऱ्यावरील एक क्षुल्लक वस्तु आहे अशी समजूत असल्यामुळें ती पुसतांना कोणास खंत वाटत नाहीं. म्हणून तो काय काय सांगतो याची थोडक्यांत नोंद करणें अवश्य आहे.

पहिली गोष्ट कालनिर्णयाची. आरंभींचीं उपनेत्रें नाकावर चिमटून किंवा हातांत धरून वापरीत. कानांवर टेंकणाऱ्या दांड्या सुमारें १७३० च्या आसपास लंडनमध्यें प्रचारांत आल्या. एकाच कांचेंत दूरचें व जवळचें पाहण्याची दुहेरी सोय बेंजामिन फ्रँक्लिन यांनीं आपल्या १७८४ च्या पत्रांत वर्णिली आहे. चांगल्या छायाचित्रांत कांचेच्या मध्यावरील ती आडवी रेघ भिंगाखालीं दिसूं शकते. गोल तारेची चौकट, बिनचौकटीच्या कांचा, सेल्युलॉइडची जाड चौकट, यांचा आपापला काल आहे. तारीख नसलेल्या छायाचित्रास 'या वर्षापूर्वींचें नव्हे' एवढी मर्यादा घालण्यास चष्मा पगडी-अंगरख्याइतकाच उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट दृष्टीची. ऱ्हस्वदृष्टीच्या मनुष्याच्या अंतर्गोल कांचेंतून डोळा आहे त्याहून लहान दिसतो, आणि कांचेच्या कडेपाशीं गालाची रेषा तुटून आंत सरकलेली दिसते. बहिर्गोल कांचेंत याच्या उलट : डोळा मोठा दिसतो. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यांत कृत्रिम भिंग बसविण्याची शस्त्रक्रिया हॅरल्ड रिड्ली यांनीं लंडन येथें १९४९ सालीं प्रथम केली व तिचा सार्वत्रिक प्रसार होण्यास आणखी कांहीं दशकें लागलीं. तोंपर्यंत शस्त्रक्रिया झालेल्यांस अतिशय जाड बहिर्गोल कांचा लावाव्या लागत व त्यांतून डोळे फार विशाल दिसत. तेव्हां एका छायाचित्रावरून मनुष्य लांबचें पाहूं शकत नव्हता, कीं जवळचें, कीं त्याचा मोतीबिंदू काढलेला होता, हें बऱ्याच अंशीं सांगतां येतें. ज्याचें आयुष्य वाचण्या-लिहिण्यांत गेलें त्याच्या चरित्रांत ही माहिती क्षुल्लक म्हणतां येणार नाहीं.

तिसरी गोष्ट प्रतिबिंबाची. कांचेवर जी चकाकी दिसते ती बहुधा खिडकीची किंवा छतांतील झरोक्याची असते. छायाचित्र नैसर्गिक उजेडांत घेतलें कीं दिव्याच्या, उजेड कोणत्या बाजूनें होता, हें त्या पांढऱ्या डागावरून कळतें. ज्यास आपण दोष समजून पुसतों तोच कित्येकदां चित्रगृहाच्या रचनेचा एकमेव साक्षीदार असतो.

६. यंत्र काय करतें

आतां यंत्राच्या कृतीकडे वळूं. चष्मा काढण्याचीं दोन अंगें आहेत : चित्रांतील कोणता भाग चष्म्याचा हें ठरवून तेवढा वगळणें, आणि वगळल्यामुळें पडलेलें छिद्र भरून काढणें. पहिलें काम सोपें आहे. सर्व प्रश्न दुसऱ्यांत आहे.

छिद्र भरण्याच्या संगणकीय पद्धतीस, चित्रांची डागडुजी करणाऱ्या कारागिरांची परिभाषा उसनी घेऊन, बेर्ताल्मीओ व त्यांचे सहकारी यांनीं २००० सालीं रूप दिलें. त्यांची रीत अशी कीं छिद्राच्या कडेशीं ज्या रेषा व छटा येऊन थांबतात त्या तशाच आंत वाढवीत न्यावयाच्या. ही रीत मर्यादित होती, पण प्रामाणिक होती. ओरखडा किंवा घडीची रेघ यांसारखी अरुंद जागा तिनें भरे. डोळ्यासारखा आख्खा अवयव तिला निर्माण करतां येत नसे, कारण कडेवर जें नाहीं तें आंत आणण्याचें सामर्थ्य तिच्यांत नव्हतें.

२०१४ सालीं गुडफेलो व त्यांचे सहकारी यांनीं एक निराळी युक्ति मांडली. एक यंत्रणा खोटीं चित्रें घडविते व दुसरी खरेंखोटें ओळखण्याचा प्रयत्न करते. दोघींच्या चढाओढींत पहिली इतकी तरबेज होते कीं दुसरीस फरक कळेनासा होतो. २०२० नंतर, चित्रांत क्रमाक्रमानें गोंधळ मिसळून तो उलट दिशेनें निरसण्याचें शिक्षण देण्याची पद्धति पुढें आली व आज तिचा मोठा प्रचार आहे. या सर्व यंत्रणा असंख्य चेहरे पाहून शिकतात. हाँगकाँगच्या चिनी विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या व या कामीं फार वापरल्या गेलेल्या एका संचांत प्रसिद्ध व्यक्तींच्या चेहऱ्यांचीं २,०२,५९९ चित्रें असून प्रत्येकास चाळीस लक्षणांच्या खुणा लावलेल्या आहेत; त्यांपैकीं एक लक्षण चष्म्याचें आहे. 'चष्मा आहे' व 'चष्मा नाहीं' हे दोन वर्ग यंत्रास असे शिकविले जातात.

यावरून निष्कर्ष उघड आहे. चौकटीखालीं दडलेली त्वचा, चकाकीखालीं लोपलेलें बुबुळ, कांचेनें लहान केलेला डोळा, यांची खरी माहिती चित्रांत नाहीं. म्हणून ती यंत्रासही नाहीं. यंत्र दुसऱ्या हजारों चेहऱ्यांच्या अनुभवावरून 'येथें बहुधा असें असतें' एवढें ठरवितें व तें अत्यंत सफाईनें रंगवितें. जून २०२० मध्यें याचें एक बोलकें उदाहरण जगापुढें आलें. अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत अस्पष्ट चेहरे स्पष्ट करण्याची एक यंत्रणा तयार झाली होती. तिला बराक ओबामा यांचें अंधुक केलेलें चित्र दिलें असतां तिनें एका गोऱ्या मनुष्याचा रेखीव चेहरा काढून दिला. हें चित्र स्पष्ट होतें, सुंदर होतें, आणि दुसऱ्याच कोणाचें होतें.

नैयायिकांच्या भाषेंत सांगावयाचें तर छायाचित्राचा मान प्रत्यक्षाचा व यंत्राच्या पूरणाचा मान फार झालें तर अनुमानाचा. अनुमान हेंही प्रमाण आहे. परंतु तें अनुमान म्हणून सांगितलें पाहिजे. अनुमानास प्रत्यक्षाचीं वस्त्रें चढविलीं कीं तो प्रमाणाभास होतो.

७. एक उदाहरण

आमच्या पाहण्यांत आलेलें एक उदाहरण, गांव व कुल यांचीं नांवें न देतां, येथें देतों. एका जुन्या घराण्यांत सुमारें तीस पोथ्या आहेत. त्या घरांतील दोघां सख्ख्या भावांनीं नकलल्या. बहुतेक पोथ्यांच्या शेवटीं शकवर्ष व तिथि आहे, पण लेखकाचें नांव नाहीं. अक्षराचें वळण एकाच पंतोजींच्या हाताखालचें असल्यामुळें दोघांचा हात वेगळा करणें कठीण. तरीही पोथ्या शकवार लावल्या असतां त्यांचे दोन गट पडतात : एका गटांत अक्षर आरंभापासून अखेरपर्यंत बारीक व दाट राहतें, दुसऱ्यांत तें एका विवक्षित शकापासून मोठें व विरळ होऊं लागतें.

त्या घरीं दोघां भावांचें एकत्र बसलेलें एकच छायाचित्र होतें. तें देवघराच्या भिंतीवरून काढण्याची व त्याची प्रत घेण्याची मोकळीक त्या वेळीं नव्हती. आम्हीं तें जागेवरच भिंगानें पाहून टिपण केलें. थोरल्या भावाच्या चष्म्याच्या कडेशीं गालाची रेषा आंत तुटलेली होती व डोळे बारीक दिसत होते. धाकट्याचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर उतरलेला, एका कानाशीं दांडीऐवजीं दोरा बांधलेला होता. ऱ्हस्वदृष्टीच्या मनुष्यास उतारवयांतही चष्मा काढून जवळचें बारीक अक्षर लिहितां येतें. ज्यास केवळ चाळिशी लागते त्याचें अक्षर वयाबरोबर मोठें होणें स्वाभाविक आहे. तेव्हां बारीक अक्षराचा गट थोरल्याचा व मोठें होत गेलेल्या अक्षराचा धाकट्याचा, असें मानण्यास या एका चित्राचा आधार होता.

पुढें कुटुंबांतील तरुण मंडळींनीं, वडिलांविषयींच्या आदरानेंच, तें चित्र नवें करून घेतलें. डाग गेले, पार्श्वभूमि स्वच्छ झाली, आणि चकाकी वाईट दिसते म्हणून दोघांचे चष्मेही गेले. आतां तसबिरींतून दोघे भाऊ सारख्याच टपोऱ्या, निर्मळ डोळ्यांनीं आपल्याकडे पाहतात. मूळ ठसा वाळवी लागलेल्या चौकटीबरोबर टाकून दिला गेला. आमच्या टिपणवहींतील चार ओळी उरल्या आहेत. पण टिपण म्हणजे साधन नव्हे, दुसऱ्यास तें तपासून पाहतां येत नाहीं. उद्यां एखादा अभ्यासक ती नवी तसबीर पाहून, दोघांची दृष्टि उत्तम होती, सबब अक्षराच्या आकारांतील फरक हा केवळ लेखणीचा, असें लिहील. आणि उपलब्ध साधनावरून त्याचें म्हणणें खोडतां येणार नाहीं. वयाच्या उत्तरार्धांत अंधुक होत जाणाऱ्या नजरेनें दोऱ्यानें बांधलेल्या चष्म्यांतून ज्यानें पोथ्या पुऱ्या केल्या, त्याच्या त्या कष्टांची एकमेव दृश्य खूण अशी नाहींशी झाली. जुने नकलकार पोथीच्या शेवटीं पाठ, मान व डोळे यांस झालेल्या क्लेशांची नोंद करून वाचकास ग्रंथ जतन करण्याची विनवणी करीत. तिचें स्मरण येथें झाल्यावांचून राहत नाहीं.

८. पूर्वपक्ष व उत्तर

यावर तीन आक्षेप संभवतात.

पहिला असा कीं छायाचित्रांवर हात फिरविण्याची चाल नवी नाहीं. हें खरें आहे. म्यूनिकच्या फ्रान्झ हान्फ्स्टेंगल यानें १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनांत हात फिरविलेल्या निगेटिव्हवरून काढलेलीं चित्रें मांडलीं होतीं, व पुढें शिसपेन्सिलीनें सुरकुत्या बुजविणें हें प्रत्येक चित्रगृहांतील नित्याचें काम झालें. परंतु त्या कारागिरानें केलेली खूण कांचेवर राहते. तिरप्या उजेडांत भिंगाखालीं शिशाचा थर दिसतो, खरवडलेली जागा दिसते. हरताळ फांसून अक्षर दुरुस्त केलेल्या पोथीसारखीच ती गोष्ट आहे : दुरुस्ती झाली हें कळतें, कोठें झाली हेंही कळतें. नव्या रीतींत हरताळाचा डागच राहत नाहीं.

दुसरा आक्षेप : चष्मा ही उपाधि आहे, स्वरूप नव्हे, ती दूर केल्यानें व्यक्ति बदलत नाहीं. वेदान्तांत हें म्हणणें शोभेल. इतिहासाचा व्यवहार मात्र उपाधींशींच आहे. पगडी, शेला, तरवार, लेखणी हीं सर्व उपाधिच. शिवाय कित्येक व्यक्तींच्या बाबतींत उपाधीनेंच व्यक्ति ओळखली जाते. २०१४ सालीं सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या चिन्हांत गांधीजींचा चेहरा मुळींच नाहीं, केवळ गोल चष्मा आहे, आणि तो कोणाचा हें कोणास विचारावें लागत नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे गांवोगांवचे पुतळे चष्म्यावांचून कल्पितां येत नाहींत. ज्याचें बळ ग्रंथांतून आलें अशा पुरुषाच्या मुद्रेचा तो भाग आहे.

तिसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे : चकाकीमुळें डोळे झांकले गेले असतील तर ते 'उघडे' करण्यांत वाईट काय? उत्तर वर आलेंच आहे. ते उघडे होत नाहींत. नवे घातले जातात. फाटलेल्या पानावरील गेलेलीं अक्षरें संपादक तर्कानें भरतो, पण कंसांत भरतो. भांडारकर मंदिरांत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ सालीं सुरू झालें, विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या संपादकत्वाखालीं आदिपर्व १९३३ सालीं पुरें झालें, व सर्व आवृत्ति १९६६ सालीं समाप्त झाली. त्या आवृत्तींत जो पाठ तितकासा निश्चित नाहीं त्याच्याखालीं नागमोडी रेघ आहे. अनेक प्रति ताडून निवडलेल्या पाठाखालींही ती रेघ ओढण्याचा संकोच संपादकांस वाटला नाहीं. मग एकही प्रति न पाहतां रंगविलेल्या डोळ्याखालीं ती कां नसावी?

९. संग्राहकांस सूचना

यंत्राचा वापर बंद करा असें आम्ही म्हणत नाहीं. तें शक्य नाहीं व इष्टही नाहीं. फिकट ठशावरील न वाचतां येणारा मजकूर दृष्टीस आणण्यास, कीड लागलेलें चित्र छापण्याजोगें करण्यास या साधनांचा उपयोग आहे. परंतु संग्राहक व प्रकाशक यांनीं पुढील नियम पाळावेत अशी विनंती आहे.

(अ) मूळ ठसा किंवा कांच, कितीही खराब असली तरी, टाकूं नये. संगणकीय प्रत घेतांना पहिली प्रत जशीच्या तशी राखून ठेवावी व फेरफार दुसऱ्या प्रतीवर करावेत.

(आ) फेरफार केलेलें चित्र छापल्यास त्याच्या खालींच, परिशिष्टांत नव्हे, 'चष्मा काढून डोळ्यांचा भाग यंत्रानें पूरित' असें स्पष्ट लिहावें. शक्य तेथें मूळ चित्रही शेजारीं छापावें.

(इ) चित्राच्या पाठीमागें, किंवा संगणकीय प्रत असल्यास तिच्या नांवांत व सोबतच्या नोंदींत, कोणी, केव्हां व कोणता भाग बदलला हें लिहावें. संगणकीय चित्रास त्याची वंशावळ जोडण्याचें एक मानक सिद्ध करण्यासाठीं २०२१ सालीं कांहीं मोठ्या संस्था एकत्र आल्या आहेत. तथापि अशी जोडलेली माहिती प्रति फिरत असतां गळून पडूं शकते. म्हणून डोळ्यांनीं वाचतां येईल अशी नोंद अवश्य.

(ई) जुन्या चित्राची नोंद करतांना चष्म्याचें वर्णन स्वतंत्र रकान्यांत करावें : चौकट कशाची, दांड्या आहेत कीं नाहींत, कांचेंतून डोळा लहान दिसतो कीं मोठा, गालाची रेषा तुटते काय, चकाकी कोणत्या बाजूची. हें वर्णन पांच ओळींत होतें.

(उ) जेथें मूळ उपलब्ध नाहीं व चित्रावर फेरफाराची शंका आहे, तेथें त्या चित्रावरून चेहरा, वय अथवा दृष्टि यांविषयीं कोणताही निष्कर्ष काढूं नये.

पोथी जशी दिसली तशी लिहिली, शुद्धाशुद्धाचा दोष आपल्याकडे नाहीं, असें आपले नकलकार ग्रंथाच्या शेवटीं सांगत आले. कित्येकांस त्यांची ही वृत्ति जड वाटते. पण न समजलेला शब्दही त्यांनीं तसाच उतरविला म्हणून आज आपल्यास तो समजून घेण्याची संधि मिळते. घरोघरच्या जुन्या तसबिरी भिंतीवरून उतरत आहेत व नव्या होत आहेत. ज्यांच्या संग्रहीं उपनेत्रांसह काढलेलीं जुनीं व्यक्तिचित्रें असतील त्यांनीं, हात फिरण्यापूर्वीं, त्यांचें वर्णन व यथामूल प्रति मंडळाकडे पाठवाव्या. त्यांची वर्णनात्मक यादी क्रमशः प्रसिद्ध करण्याचें काम अंगावर घेण्यास आम्ही तयार आहों.